सही बाईंचीच होती: एका चरित्रपटाचं प्रकरण

पार्श्वभूमी

एका नगरपालिकेच्या गावातल्या पहिल्या महिला नगराध्यक्षांवर मराठी चरित्रपट करायचा होता. गाव त्यांना ‘बाई’ म्हणायचं. इथेही तेच म्हणतो. गाव, काही वर्षं आणि काही नाती बदलली आहेत. कागदात जे सापडलं आणि त्यावर आम्ही जे ठरवलं, ते मात्र घडलं तसंच लिहिलं आहे. माझ्याकडे संशोधनाचं काम होतं आणि पटकथेच्या शेवटच्या दोन खर्ड्यांतही मी होतो. तेव्हा खाली ज्या चुका येतील त्यांतल्या दोन-तीन माझ्या नावावर आहेत.

बाईंचं मोठेपण समजून घ्यायचं तर काळ डोळ्यांसमोर ठेवावा लागतो. महाराष्ट्रात स्थानिक संस्थांमध्ये महिलांसाठी ३० टक्के जागा राखल्या गेल्या त्या १९९० मध्ये. ७३वी आणि ७४वी घटनादुरुस्ती लागू झाली १९९३ मध्ये, आणि राज्याने हे प्रमाण ५० टक्क्यांवर नेलं २०११ मध्ये. बाई त्याच्या कितीतरी आधी, सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला निवडून आल्या, आणि तेव्हा नगराध्यक्षाची खुर्ची बाईसाठी राखीव असण्याचा प्रश्नच नव्हता. उत्तर प्रदेशात सुचेता कृपलानी १९६३ मध्येच मुख्यमंत्री झाल्या होत्या हे खरं. पण ज्या महाराष्ट्राला आजवर महिला मुख्यमंत्री मिळालेली नाही, तिथल्या एका तालुक्याच्या गावाने पन्नास वर्षांपूर्वी सभागृहातली मधली खुर्ची एका बाईला दिली, तेव्हा गावाला ते पचायला किती जड गेलं असेल याचा अंदाज येतो.

१९७२ च्या दुष्काळात बाईंनी तहसील कचेरीवर हंडा मोर्चा नेला होता. पुढे नळपाणी योजना आणली. विरोधकांचं एकच पालुपद होतं: ‘बाई सही करतात, कारभार दुसराच बघतो.’ हा दुसरा कोण, ते सांगणाऱ्यागणिक बदलायचं. कधी नवरा, कधी मुख्याधिकारी, कधी आमदार.

आमच्या पटकथेचा पूर्वार्ध या एका वाक्याच्या विरोधात उभा होता. सुरुवातीच्याच प्रसंगात बाईंसमोर कागद येतो, ‘इथे सही करा’ असं सांगितलं जातं, आणि बाई म्हणतात, ‘वाचल्याशिवाय सही नाही.’ मग भर सभेत तो अख्खा कागद मोठ्याने वाचतात. हा प्रसंग मला तिघांनी तीन वेगवेगळ्या कागदांबद्दल सांगितला. म्हणजे तो घडला असावा, किंवा गावाने घडवला असावा. सिनेमाला दोन्ही चालतं.

बाईंचा मुलगा, गावाचे ‘दादा’, सुरुवातीपासून सोबत होते. त्यांनी बाईंची खासगी पत्रं दिली, जुना वाडा शूटिंगला दिला आणि एकूण खर्चाचा साधारण पाचवा हिस्सा उचलला. निर्मात्याने त्यांच्याशी करार केला. त्यात एक कलम होतं: आईंच्या प्रतिमेला बाधा येईल असं काहीही दाखवलं जाणार नाही. सहीच्या दिवशी ते कलम कुणालाच खटकलं नाही. ज्यांच्यावर प्रेमाने सिनेमा करतोय त्यांच्या प्रतिमेला आपण कशाला बाधा आणू? तोवर आमचं संशोधन म्हणजे एक गौरवग्रंथ, काही कात्रणं आणि गावातल्या वीसेक मुलाखती. नगरपालिकेचं दप्तर मी अजून उघडलेलं नव्हतं.

अडचण

नगरपालिकेचा सगळा कारभार प्रोसिडिंग बुकात असतो. सभेची तारीख, हजर सदस्य, ठराव, सूचक, अनुमोदक आणि खाली अध्यक्षांची सही. माहितीच्या अधिकारात अर्ज करून मी बाईंच्या कारकिर्दीची बुकं पाहायला मागितली. हेतू साधा होता. नळपाणी योजनेच्या ठरावाची तारीख आणि भाषा हवी होती, म्हणजे सभागृहातले संवाद खरे वाटले असते.

१९७६ च्या पावसाळ्यातल्या एका सभेत दुसराच ठराव सापडला. तीन किंवा जास्त मुलं असलेल्या सफाई कामगारांनी कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रियेचा दाखला आणून द्यावा, न दिल्यास पगार रोखावा. टांगा आणि हातगाडीचे परवाने नव्याने करतानाही हाच दाखला लागेल. सर्वानुमते मंजूर. अध्यक्षस्थानी बाई. सही बाईंची.

त्या वर्षात असा कागद सापडणं नवल नव्हतं. आणीबाणी होती. १६ एप्रिल १९७६ ला केंद्राने राष्ट्रीय लोकसंख्या धोरण जाहीर केलं आणि सक्तीच्या कायद्याची वाट राज्यांना मोकळी करून दिली. महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तसं विधेयक मंजूरही केलं. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने त्याचा कायदा झाला नाही. पण उद्दिष्टांचे आकडे वरून खाली येतच होते. १९७६-७७ या एका वर्षात देशभरात ८० लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या, त्यांतल्या बहुसंख्य पुरुषांच्या. पगार अडवणं, परवाने अडवणं हे त्यातले ठरलेले मार्ग. पुढे आणीबाणीतल्या अतिरेकांची चौकशी करणाऱ्या शाह आयोगासमोर हे सगळं आलं.

हे मला पुस्तकातून माहीत होतं. पण आमच्या पटकथेत आणीबाणी दीड पानात संपत होती: रेडिओवरची घोषणा, एका कार्यकर्त्याची अटक, बाईंचा गंभीर चेहरा. कट.

मी त्या पानाची प्रमाणित प्रत घेतली आणि अकरा दिवस कुणाला सांगितलं नाही. स्वतःला कारण दिलं की आधी खात्री करू. खरं कारण असं की लोकेशनची रेकी झाली होती, अभिनेत्रीच्या तारखा ठरल्या होत्या आणि माझ्या एका झेरॉक्समुळे काम थांबायला नको होतं. त्या अकरा दिवसांत कलादिग्दर्शकाने सभागृहाच्या सेटचं लाकूड मागवलं. तो खर्च पुढे निर्णय घेताना प्रत्येकाच्या डोक्यात होता.

पर्याय काय होते

दिग्दर्शिकेने प्रत पाहिली आणि पहिला प्रश्न विचारला, “हे अजून कुणाला माहीत आहे?” मी म्हटलं, कामगार वस्तीत सगळ्यांना. त्यावर ती बराच वेळ काही बोलली नाही.

पहिला पर्याय गाळण्याचा. दोन तासांत पंचवीस वर्षांचं आयुष्य मांडताना कितीतरी गोष्टी सुटतात, ही एक सुटली तर काय बिघडलं? निर्मात्याचं हेच मत होतं आणि ते मूर्खपणाचं नव्हतं. अडचण अशी की कामगार वस्तीतली पन्नास माणसं आम्ही गर्दीच्या प्रसंगांसाठी ठरवली होती. ज्यांच्या बापाचा पगार अडवला त्यांनाच बाईंच्या मिरवणुकीत गुलाल उधळायला उभं करायचं.

दुसरा पर्याय नावं बदलण्याचा. ‘सत्य घटनांवरून प्रेरित काल्पनिक कथा’ अशी पाटी लावायची आणि मोकळं व्हायचं. पण तेवढ्यासाठी बाईंचं नाव, गावाचं नाव आणि नळपाणी योजना, ज्यावर सिनेमा विकला जाणार होता, ते सगळंच सोडावं लागलं असतं.

तिसरा पर्याय सगळ्यांना आवडला आणि त्यावरच आमचा सर्वांत जास्त वेळ गेला. ठराव दाखवायचा, पण तो मुख्याधिकाऱ्याच्या अंगावर ढकलायचा. कलेक्टर कचेरीतून दट्ट्या येतो, मुख्याधिकारी घाबरतो, फायलींच्या गठ्ठ्यात तो कागद सरकवतो, आणि दमलेल्या बाईंची सही होऊन जाते. नंतर त्यांना कळतं, त्या कोसळतात. अभिनेत्रीला तर हा प्रसंग फारच भावला, कारण त्यात करण्यासारखं खूप होतं. पटकथाकाराने दोन रात्रींत तो लिहिला आणि चांगला लिहिला.

हा पर्याय पटकथेच्या वाचनातच बाद झाला. सहायक दिग्दर्शिका, युनिटमधली वयाने सर्वांत लहान, वाचन संपल्यावर म्हणाली, “मग विरोधकांचं खरंच होतं की. बाई फक्त सही करत होत्या.”

खोलीत शांतता झाली. आम्ही पूर्वार्धभर जो टोमणा खोडून काढत होतो, तोच उत्तरार्धात सोयीसाठी उचलला होता. नळपाणी योजना बाईंनी आणली, पण नसबंदीचा ठराव त्यांच्या हातून ‘झाला’. चांगल्याची सही त्यांची आणि वाइटाची सही दुसऱ्याची. पहिली बाई म्हणून तिच्यावर सिनेमा करायचा आणि तिने खुर्ची खरोखर चालवली एवढंही मानायचं नाही.

त्यात कायद्याचा मुद्दाही होता. मुख्याधिकारी काल्पनिक नावाने दाखवला असता तरी त्या वर्षी त्या गावात मुख्याधिकारी एकच होता. तो कोण ते सगळ्यांना ठाऊक होतं आणि तो गृहस्थ हयात होता. बाईंच्या सहीचा कागद होता, मुख्याधिकाऱ्यांविरुद्ध कसलाच नव्हता. उद्या त्यांनी बदनामीचा दावा केला असता तर आमच्याकडे दाखवायला आमचीच कल्पनाशक्ती.

चौथा पर्याय म्हणजे जे आहे ते दाखवणं. त्याची किंमत काय, ते विचारायला आम्ही वकिलांकडे गेलो.

कायदा आणि करार

वकिलांनी आधी दोन प्रश्न वेगळे केले: कायदा काय म्हणतो आणि तुम्ही सही केलेला करार काय म्हणतो. लोक नेहमी पहिलाच विचारतात, असं म्हणून त्या हसल्या.

कायद्याची बाजू बरीच भक्कम होती. सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये, ऑटो शंकर प्रकरण म्हणून ओळखल्या जाणाऱ्या राजगोपाल खटल्यात सांगून ठेवलं आहे की सार्वजनिक अभिलेखावर आधारलेलं लेखन करायला संबंधिताची परवानगी लागत नाही, आणि पदावरच्या माणसाने पदाच्या नात्याने केलेल्या कामाला खासगीपणाचं कवच नाही. नगरपालिकेचं प्रोसिडिंग हा सार्वजनिक अभिलेखच. दुसरं उदाहरण अगदी आमच्या विषयातलं होतं. जयललितांवरच्या चित्रपटाला आणि मालिकेला मनाई करावी म्हणून त्यांच्या भाचीने मद्रास उच्च न्यायालयात दाद मागितली होती. २०१९ मध्ये मनाई मिळाली नाही आणि २०२१ मध्ये खंडपीठाने अपीलही फेटाळलं. माणसाचं खासगीपण आणि प्रतिष्ठा वारसांकडे इस्टेटीसारखी जात नाही, असा त्याचा मथितार्थ. मृत व्यक्तीची बदनामी हा गुन्हा होऊ शकतो. पूर्वीचं भारतीय दंड विधानाचं कलम ४९९ आता भारतीय न्याय संहितेत ३५६ झालं आहे. पण लोकहितासाठी मांडलेलं सत्य हा त्यातला अपवाद आहे.

थोडक्यात, दादांची परवानगी आम्हाला मुळात लागतच नव्हती. पण आम्ही ती मागितली होती, घेतली होती, आणि तिच्या बदल्यात ‘बाधा येणार नाही’ असं लिहून दिलं होतं. जे बंधन कायद्याने घातलं नव्हतं ते आम्ही आपण होऊन गळ्यात बांधून घेतलं होतं.

शिवाय पत्रं. कागद दादांच्या कपाटात असले तरी पत्रातल्या मजकुराचा कॉपीराइट लिहिणाऱ्याचा, आणि तिच्या पश्चात ६० वर्षं वारसांचा. निवेदनासाठी आम्ही बाईंची सहा पत्रं जशीच्या तशी वापरली होती. करार मोडला तर ती जाणार होती.

काय केलं

प्रथम पुढची बुकं वाचली. हे लिहायलाही संकोच वाटतो, कारण तोवर मी १९७६ च्या त्या पानावरच थांबलो होतो, जणू पुढे काही घडलंच नाही. आणीबाणी उठल्यावर, १९७७ मध्ये, विरोधी सदस्याने ठराव मांडला होता की अडवलेले पगार परत द्यावेत. अध्यक्षस्थानी बाईच. पहिल्या सभेत शेरा: ‘पुढील सभेत घ्यावा.’ दुसऱ्या सभेत तोच शेरा. तिसऱ्या सभेत मंजूर. दोनदा का लांबवला याचं कारण कुठेही नोंदलेलं नाही.

मग मूळ पान पुन्हा पाहायला गेलो. झेरॉक्सवर एक डाग वाटला होता, तो डाग नव्हता. ‘सेवेतून कमी करावे’ हे शब्द खोडून वर ‘पगार रोखावा’ असं लिहिलं होतं आणि बाजूला बाईंची लघुस्वाक्षरी होती.

ते वयोवृद्ध मुख्याधिकारी भेटले तेव्हा त्यांना मी एवढंच विचारलं की ही खाडाखोड कुणाची. “मसुदा माझा,” ते म्हणाले. “बाईंनी वाचला. दोन शब्द बदलले. मग सही केली. बाई वाचल्याशिवाय सही करत नसत, हे तुम्हाला सांगितलंच असेल लोकांनी.”

या खाडाखोडीवर आमच्यात आठवडाभर वाद झाला. कुणाला त्यात दया दिसली: नोकरी वाचवली. कुणाला उलट दिसलं: वाचून, समजून, सुधारून केलेली सही जास्त जबाबदारीची. मी दुसऱ्या बाजूचा होतो आणि अजून आहे. पण पडद्यावर यांतलं काहीच बोलून दाखवायचं नाही, हे दिग्दर्शिकेने ठरवलं आणि माझ्या मते सिनेमातला तो सर्वांत चांगला निर्णय होता. प्रसंग असा लिहिला: पहिल्या प्रसंगासारखंच सभागृह, तीच खुर्ची, बाई तोच चष्मा लावून कागद मोठ्याने वाचतात. ते शब्द खोडतात. सही करतात. संगीत नाही. अभिनेत्रीला शेवटी डोळ्यांत पाणी हवं होतं. तिला नाही म्हणणं सोपं गेलं नाही.

दादांना हे सांगायला दिग्दर्शिका आणि मी गेलो. निर्मात्याला वकिलांमार्फत पत्र पाठवायचं होतं. ते आम्ही थांबवलं. तिने प्रत समोर ठेवली. दादांनी ती हातातही घेतली नाही.

“ताई, तुम्ही मला नवीन काही सांगत नाही,” ते म्हणाले. “मी नववीत होतो. आमच्या दारात बायका दोन दिवस बसून होत्या.”

“मग दादा, आधी बोलला का नाहीत?”

“तुम्ही विचारलं का?”

खरंच विचारलं नव्हतं. वीस मुलाखतींतल्या एकीतही मी आणीबाणीबद्दल प्रश्न ठेवला नव्हता.

पुढे जे बोलणं झालं त्यातून कळलं की त्यांची हरकत प्रसंगाला कमी आणि वेळेला जास्त होती. त्यांचा मुलगा, बाईंचा नातू, नगरपालिकेला उभा राहणार होता. निवडणुका कित्येक वर्षं लांबल्या होत्या आणि कधीही लागतील असं वातावरण होतं. आम्ही याचा विचार फक्त आपल्या बाजूने केला होता. लोकसभेच्या वेळी, एप्रिल २०१९ मध्ये, निवडणूक आयोगाने पंतप्रधानांवरच्या चरित्रपटाचं प्रदर्शन मतदान संपेपर्यंत रोखलं होतं. आपल्या सिनेमाने नातवाचा प्रचार होतोय म्हणून कुणी आयोगाकडे जाईल अशी आमची भीती होती. त्यांची भीती नेमकी उलटी निघाली.

जाताना दादा दाराशी म्हणाले, “एक करा. आईने त्या दिवशी जेवण सोडलं वगैरे दाखवू नका. ती जेवली होती.” हे वाक्य सिनेमात नाही, पण त्याने आमचे उरलेसुरले दोन भाबडे प्रसंग कापले.

कामगार वस्तीत जायला मात्र आम्ही उशीर केला. एका आजींच्या नवऱ्याचा पगार तीन महिने अडला होता, मग त्याने शस्त्रक्रिया करून घेतली. आजींनी सगळं सविस्तर सांगितलं. त्यांची सून शेजारी तांदूळ निवडत होती. तिला हे पहिल्यांदाच कळत होतं, हे माझ्या लक्षात आलं तोवर अर्धं सांगून झालं होतं. रेकॉर्डर चालू होता, संमतीच्या कागदावर आजींचा अंगठा होता आणि कागदोपत्री सगळं रीतसर होतं. चार दिवसांनी आजींनी निरोप धाडला: नाव नको आणि नसबंदी शिबिराच्या आतलं काही दाखवू नका. शिबिराचा प्रसंग लिहून तयार होता. तो काढला. त्याऐवजी पगारवाटपाचा दिवस आला: मुकादमाचं टेबल, रांग, ज्यांच्या नावापुढे खूण आहे ते बाजूला. यात रक्त नाही, किंकाळी नाही, आणि माझ्या मते काढलेल्या प्रसंगापेक्षा तो अंगावर येतो. पण तो आमच्या प्रतिभेतून आला असं सांगायचं धाडस मी करणार नाही. आजींनी नाही म्हटलं म्हणून तो आला.

निष्पत्ती

दादांनी करार रद्द केला, भांडण न करता. त्यांचे पैसे दोन हप्त्यांत परत द्यायचे ठरले. पत्रं गेली. वाड्याचं शूटिंग तोवर झालं होतं, ते त्यांनी वापरू दिलं. पैशांची भोकं बुजवायला एक गाणं आणि मिरवणुकीचा मोठा प्रसंग गेला. म्हणजे वस्तीतल्या लोकांना गुलाल उधळायला लावायचा प्रश्न शेवटी तत्त्वाने सुटला नाही, बजेटने सुटला.

पत्रांची जागा प्रोसिडिंगमधल्या बाईंच्या भाषणांनी घेतली. ती रूक्ष भाषा निवेदनात कशी चालेल अशी धास्ती होती. ‘सदर विषयावर अध्यक्षांनी खुलासा केला की’ अशा वाक्यांना काही प्रेक्षक हसले. काहींना तेच आवडलं.

सेन्सॉरने ठरावाचा आधार मागितला, प्रमाणित प्रती जोडल्या, पाटीची भाषा बदलून दिली. एक जातिवाचक शब्द काढायला सांगितला. संवादात तो काळाला धरून आहे असा आमचा युक्तिवाद होता. आता वाटतं, तो आम्ही आपणहून काढायला हवा होता, कारण तो शब्द सहन करणारी माणसं समोरच्या खुर्चीत बसणार होती. चित्रपट कायद्याच्या २०२३ च्या दुरुस्तीनंतरच्या नव्या वर्गवारीत यूए १३+ प्रमाणपत्र मिळालं.

प्रदर्शन निवडणुकीनंतर केलं. मल्टिप्लेक्समध्ये सकाळचे आणि दुपारचे शो मिळाले, दुसऱ्या आठवड्यात निम्मे गेले. बाईंच्या गावातल्या एकपडद्यावर तीन आठवडे चालला. नातू निवडून आला. त्यात सिनेमाचा काही हात नव्हता, कारण तेव्हा तो कुणी पाहिलाच नव्हता. एका परीक्षणात ‘पहिल्या महिला नेत्याची नाहक बदनामी’ असं म्हटलं, दुसऱ्यात ‘आणीबाणीतल्या अत्याचारांवर पांघरूण’. निर्माता म्हणाला दोन्हीकडून मार बसला म्हणजे आपण बरोबर आहोत. मला हा तर्क कधीच पटलेला नाही. दोन्हीकडून मार बसलेला माणूस दोन्ही बाबतींत चुकलेलाही असू शकतो.

वस्तीसाठी वेगळा खेळ ठेवला होता. आजी आल्या नाहीत. सून आली, मध्यंतरापर्यंत थांबली आणि गेली. पगारवाटपाचा प्रसंग मध्यंतरानंतर येतो.

वेगळं काय करता आलं असतं

क्रम उलटा असायला हवा होता. आधी दप्तर, मग पटकथा, मग कुटुंब, आणि करार सर्वांत शेवटी. आम्ही बरोबर उलट्या टोकाने सुरुवात केली, कारण कुटुंब चहा देतं आणि दप्तरात धूळ असते. चरित्रपटाच्या धंद्यात ‘घरच्यांची एनओसी आहे’ हे वाक्य निर्मात्याला धीर देतं, वितरकालाही देतं. ज्यांचं चरित्र सार्वजनिक कारकिर्दीपुरतं आणि सार्वजनिक कागदांवर उभं आहे, तिथे तिची कायदेशीर गरज फार थोडी आणि तिची किंमत मात्र मोठी. पत्रं, वाडा, फोटो वापरायला परवानगी जरूर घ्यावी, पण त्या त्या वस्तूपुरती. तिचा प्रतिमेशी संबंध जोडू नये. कुटुंबाचा पैसा तर घेऊच नये असं माझं मत झालं आहे. निर्मात्याचं झालेलं नाही, कारण तो हिस्सा नसता तर सिनेमा उभाच राहिला नसता. यावर आमचं एकमत होण्याची चिन्हं नाहीत.

अकरा दिवसांबद्दल लिहून झालं आहे. त्यात एवढीच भर घालतो की संशोधकाने काय सापडलं ते कधी आणि कुणाला सांगायचं, हे कामाच्या सुरुवातीलाच कागदावर हवं. माझ्याकडे तसं असतं तर मला धैर्याची गरज पडली नसती.

मुलाखतींची यादी मी गौरवग्रंथातल्या नावांवरून केली होती. साहजिकच त्यात बाईंवर प्रेम करणारी माणसं होती. ज्यांच्यावर ठराव झाले त्यांची नावं त्याच प्रोसिडिंग बुकाच्या मागे, पगारपत्रकात होती. यादी तिथून सुरू करता आली असती.

आजींची मुलाखत घरात, सुनेसमोर घ्यायला नको होती. संमतीचा कागद त्यांच्यापुरता होता, पण गोष्ट त्यांच्या एकटीची नव्हती. नवरा वारला होता, मुलगा कामावर होता आणि कुणालाच विचारलेलं नव्हतं. कायद्याने विचारायची गरज नव्हती. शूटिंगआधी वस्तीत पटकथेचं एक वाचन ठेवायची सूचना सहायक दिग्दर्शिकेने केली होती. वेळ नाही म्हणून आम्ही ती टाळली. त्याच आठवड्यात पोस्टरच्या फॉन्टवर दोन बैठका झाल्या होत्या.

‘पुढील सभेत घ्यावा’ या दोन शेऱ्यांचं आम्ही काय केलं, यावर मी अजून समाधानी नाही. सिनेमात ते एकाच दृश्यात येऊन जातात, पाठोपाठ, आणि प्रेक्षकाला वाटतं की दोन दिवसांची दिरंगाई झाली. प्रत्यक्षात त्या तीन सभांमध्ये पाच महिने गेले होते. संकलकाने पडद्यावर तारखा टाकून पाहिल्या. वेग मंदावतो म्हणून काढल्या. मी तेव्हा गप्प बसलो.

प्रदर्शनानंतर महिनाभराने बाईंच्या नातीचा, दादांच्या मुलीचा, फोन आला. तिला ठरावाच्या पानाची चांगली प्रत हवी होती, खाडाखोड स्पष्ट दिसेल अशी. कशाला, ते तिने सांगितलं नाही. मी स्कॅन करून पाठवली, आणि सोबत १९७७ ची तिन्ही पानंही जोडली. यावेळी तारखांसकट.